आधी हात, मागून मन

बैलाने वैरण सोडली, रवंथ थांबवला, की घरातले शाळकरी पोरसुद्धा सांगते, "बैल आजारी आहे." मग कोणी त्याच्या अंगाला हात लावून पाहतो, कोणी डॉक्टरला बोलवायला धावतो. बैलाला कोणी आळशी म्हणत नाही की ढोंगी म्हणत नाही. पण घरचा कर्ता माणूस ताटावरून उठू लागला, रानात जाईनासा झाला, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, की त्याच गावात चार माणसांची चार मते निघतात. कोणी म्हणतो अंगात आळस भरला, कोणी म्हणतो बाहेरचे काही लागले, कोणी म्हणतो बायकोने लाडावून ठेवला. माणूस आजारी आहे, असे म्हणणारा विरळा.

आमच्या घरात हे घडले म्हणून लिहितो. मी काही डॉक्टर नव्हे, कोरडवाहू शेतकरी. पण जे डोळ्यांदेखत घडले, आणि त्यामागचे शास्त्र मागून विचारून-वाचून जेवढे कळले, ते चार घरांच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू. ज्यांची ही हकिगत, त्या थोरल्या बंधूंना आधी विचारले. ते म्हणाले, "लिही की. नाव तेवढं घालू नको." म्हणून इथे ते फक्त दादा.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. दादांचे वय तेव्हा एक्कावन. कोंबडे आरवायच्या आधी उठणारा माणूस. त्यांची तिफण अशी सरळ चालायची की गावातली नवी पोरे बांधावर उभी राहून पाहायची. २०२१ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, तो वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. सोयाबीन काढणीला आलेले, आणि सात एकरांत चार दिवस गुडघाभर पाणी. पाणी ओसरले तेव्हा शेंगांना झाडावरच मोड आले होते. सोसायटीचे कर्ज होते, बँकेचे होते, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने होते, आणि धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती.

पीक साऱ्या शिवाराचेच गेले होते. लोक हळहळले, पंचनाम्याला उभे राहिले, आणि रान वापशावर येताच हरभऱ्याच्या पेरणीला लागले. दादा मात्र तिथेच थांबले. आधी झोप गेली. रात्री तीनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. मग जेवण कमी झाले. मग पारावर जाणे बंद, दाढी बंद, अंघोळ दोन दोन दिवस नाही. दिवाळीला बहीण आली, तिच्यापाशीही ते पाच मिनिटे बसले नाहीत. हरभरा मी पेरला, तो पाहायलासुद्धा आले नाहीत. उठा म्हटले की एकच उत्तर, "काय करू उठून?"

घराने काय काय केले ते सांगत नाही. जे सगळी घरे करतात तेच केले. आईने नवस बोलला. गावच्या डॉक्टरांकडून ताकदीचे सलाईन दोनदा लावून झाले. पाहुणे येऊन धीर देऊन गेले, "मन घट्ट करा." मन घट्ट करायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते मात्र कोणाला सांगता येत नव्हते.

जानेवारी २०२२ मध्ये आमच्या आशाताई एक कागद घेऊन आल्या. आत्महत्या जास्त होतात अशा चौदा जिल्ह्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला होता, त्यात आमचा जिल्हाही होता. कागदावर नऊ प्रश्न होते, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. कामात गोडी वाटते का? उदास वाटते का? झोप कशी आहे? थकवा? भूक? आपण नालायक आहोत, घराला बुडवले, असे वाटते का? लक्ष लागते का? हालचाल मंदावली आहे का? आणि नववा, मरून जावे असे विचार येतात का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण.

नववा प्रश्न आला तेव्हा आई म्हणाली, "असं अभद्र विचारू नये बाई, नसलं तरी मनात यायचं." आशाताई शांतपणे म्हणाल्या, "आजी, विचारल्यानं येत नाही. आलेलं असलं तर बाहेर पडतं." दादा बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "येतं मनात. रोज येतं." घरात एवढी माणसे, आणि हे वाक्य त्या दिवसापर्यंत कोणी ऐकले नव्हते. त्याच संध्याकाळी फवारणीची सगळी औषधे मी कोठीत टाकली, कुलूप लावले आणि किल्ली शेजारच्या काकांच्या घरी ठेवली. हे आशाताईंनीच सांगितले होते. मरणाची लाट येते तशी ओसरतेही. लाटेच्या वेळी हाताशी साधन नसले तर पुष्कळ जीव वाचतात, हे जगभर पाहिले गेले आहे.

तालुक्याला डॉक्टरांनी रक्त तपासले, साखर आणि थायरॉईड पाहिले, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असा मलूल होतो. तसे काही निघाले नाही. "हा नैराश्याचा आजार आहे," ते म्हणाले. एक गोळी सुरू केली आणि वर सांगितले, "गोळीबरोबर या ताईंकडेही यायचे. तेही औषधच आहे."

ताई म्हणजे तिथल्या समुपदेशक. वयाने आमच्या पुतणीएवढ्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या. मला वाटले होते, आता उपदेश होणार. पण तसे काही झाले नाही. त्यांनी आधी अर्धा तास नुसते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "काका, मी तुमचं कर्ज फेडू शकत नाही. गेलेलं सोयाबीन परत आणू शकत नाही. इथं बोललेलं मात्र इथंच राहील. घरी कोणाला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवायचं."

मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. वर लिहिले, 'नुकसान'. तिथून बाण, 'मन खचले'. तिथून, 'काम सुटले, माणसे सुटली'. तिथून, 'दिवसभरात बरे वाटावे असे काहीच उरले नाही'. आणि तो बाण पुन्हा 'मन खचले' कडे. दादा त्या गोलाकडे बघत म्हणाले, "हा तर घाणा झाला. बैल फिरतोय आणि तेल काही निघत नाही."

"बरोबर," ताई म्हणाल्या. "आता हा घाणा कुठं थांबवता येईल? नुकसान आपल्या हातात नाही. मनाला हुकूम दिला तर ते ऐकत नाही. उरलं काय? हात-पाय. तुम्ही म्हणता, मन लागलं की कामाला लागेन. आपण उलटं करून बघू. तुमच्या विहिरीवर इंजिन होतं ना? पंपात आधी कोण पाणी ओतायचं?"

जुने शेतकरी हे लगेच ओळखतील. कोरडा पंप कितीही फिरवा, तो पाणी ओढत नाही. आधी वरून बादलीभर पाणी ओतून तो भरावा लागतो, मग तो विहिरीतले पाणी खेचतो. ताईंचे सारे शास्त्र या एका बादलीत होते.

पहिल्या आठवड्याला काम काहीच नव्हते, फक्त एक वही. तासातासाला काय केले ते लिहायचे, आणि त्या वेळी मन कसे होते त्याला शून्य ते दहात गुण द्यायचे. दादांच्या हातात पेन धरवत नव्हते, म्हणून वहिनी विचारून लिहायच्या. आठवड्याने वही उघडली तर सगळीकडे एक आणि दोन. पहाटे तीन ते सकाळी नऊ, अंथरुणात पडून, शून्य. पण एका ओळीवर ताईंनी बोट ठेवले. रोज संध्याकाळी पाच-सव्वापाचला चार गुण होते. "इथं काय करता?" दादांना आठवेना. वहिनी म्हणाल्या, "कालवड हंबरती, तिला पेंढी टाकायला उठतात."

तिथून धागा मिळाला. पुढच्या आठवड्याचे काम ठरले ते एवढेच. सकाळी साडेसहाला उठायचे, तोंड धुवायचे आणि कालवडीला एक पेंढी टाकायची. सगळ्या गोठ्याची झाडलोट नव्हे, सगळ्या जनावरांचे दाणा-पाणी नव्हे. एक कालवड, एक पेंढी. वेळ लिहिलेली, जागा लिहिलेली. आणि 'मन झाले तर' हे शब्द चालणार नाहीत. मन झाले नाही तरी पेंढी टाकायची, मग वाटल्यास पुन्हा झोपायचे. मागाहून वहीत गुण लिहायचे.

सात एकरांच्या धन्याला एक पेंढी! मला ते ऐकून पोटात कालवले होते. पण त्यातली खुबी पुढे ध्यानात आली. काम एवढे लहान की नापास होणे अवघड. आणि नापास न झालेला एक एक दिवस वहीत जमा होत होता. आपण कामाचे उरलो नाही, असे जे मन रात्रंदिवस सांगत होते, त्याच्याविरुद्ध तो लेखी पुरावा होता.

पेंढीनंतर अंघोळ. अंघोळीनंतर बांधापर्यंत जाऊन परत येणे, रानात काही न करता. मग हॉटेलात दहा मिनिटे बसून एक चहा. हे शेवटचे सगळ्यात जड गेले, कारण लोक विचारतील ही भीती. ताईंनी तालीम करून घेतली, कोणी "कुठं होता इतके दिवस?" म्हटले तर काय बोलायचे. दादांनी स्वतःच वाक्य बसवले, "तब्येत बरी नव्हती, आता सुधारतीय." खरे सांगायचे तर गावात तेवढे पुरले. कोणी जास्त खोदले नाही.

मध्येच एक आठवडा सारे कोसळले. बँकेचे पत्र आले आणि दादा पुन्हा तीन दिवस अंथरुणात. वही कोरी. ताई रागावल्या नाहीत की समजूतही घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठं अडलं ते बघू. काम मोठं झालं असेल तर निम्मं करू." आणि त्या दिवशी त्यांनी विचारांबद्दल सांगितले. अंथरुणात पडून दादा काय करत होते? "विचार." कसला? "तेच. त्या आठ दिवसांत आधीच काढणी केली असती तर." किती वेळ? "दिवसभर." विचारातून काही निघाले? "काही नाही."

तेव्हा ताई हसून म्हणाल्या, "काका, जनावरानं रवंथ सोडला तर ते आजारी. माणसानं सुरू केला तर तो आजारी." दादाही हसले. साडेचार महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले. खूण ठरली. तोच तोच विचार फिरू लागला की स्वतःला विचारायचे, हा रवंथ की हिशेब? हिशेब असेल तर त्यातून पुढचे एक काम निघते. रवंथ असेल तर जागेवरून उठायचे आणि हाताला काही तरी धरायचे. दोरी वळा, शेंगा सोला, काहीही.

आणि जो हिशेब होता, तो मग खरोखर कागदावर मांडला. कोणाचे किती देणे, कोणते पहिले, कोणाशी बोलता येईल. न फोडलेले बँकेचे पत्र ताईंसमोरच फोडले. मनात ते जप्तीचे झाले होते. निघाले थकबाकीची सूचना देणारे. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघे भाऊ बँकेत गेलो आणि हप्ते बांधून घेण्याचा अर्ज दिला. मुलीच्या फीसाठी कॉलेजात शिष्यवृत्तीची चौकशी केली. कर्ज काही त्याने फिटले नाही. पण छातीवरचा धोंडा आणि कागदावरचा आकडा यांत फार अंतर असते. आकड्याशी माणूस झगडू शकतो.

दहा आठवड्यांत सात भेटी झाल्या. फेब्रुवारीअखेर हरभरा काढणीला आला तेव्हा दादा सकाळी माझ्या आधी रानात होते. शेवटच्या भेटीत ताईंनी विचारले, "आजार परत येऊ लागला तर पहिली खूण कोणती?" दादा विचार करू लागले, तोवर वहिनी म्हणाल्या, "दाढी. तीन दिवस दाढी केली नाही की मी ओळखते." वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवले, आणि त्याखाली, खूण दिसली तर काय करायचे ते.

गोळीचा वाटा किती आणि वहीचा किती, हे आमच्या दादांपुरते मापून सांगता येणार नाही. पण याचे माप शास्त्रज्ञांनी घेतले आहे, आणि तेही आपल्या शेजारीच. गोव्यात 'संगथ' नावाची संस्था १९९६ पासून मनाच्या आजारांवर काम करते. त्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्ण घेतले, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे. निम्म्यांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्या उपचारांबरोबर अशा सहा ते आठ भेटी दिल्या. भेटी घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. साधी शिकलेली, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी पाहिले तर नुसत्या नेहमीच्या उपचारांवर शंभरातले ३९ बरे झाले होते, भेटी घेतलेल्यांत ६४. वर्षानंतरही तो फरक टिकून होता. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले.

रीत तशी जुनीच. इंग्रजीत तिला 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. अमेरिकेत सिॲटल येथे नील जेकबसन या मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये दाखवले होते की नैराश्याच्या लांबलचक उपचारातला एवढा एकच भाग, म्हणजे ठरवून, लिहून, रोज थोडे काम करत जाणे, हा पूर्ण उपचाराइतकाच गुण देतो. उपचार सोपा असल्याने तो शिकवता येतो, आणि शिकवता येतो म्हणून खेड्यापर्यंत पोचतो. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन या आजाराची ओळख करून दिली, सोबत केली, गरज पडेल तिथे डॉक्टरांपर्यंत नेले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार जण कोणाची ना कोणाची मदत घ्यायचे. दीड वर्षाच्या कामानंतर सत्तावीस घेऊ लागले. माणसे तीच, गावे तीच. दार कुठे आहे ते कळले, एवढाच फरक.

एक मात्र बजावून सांगतो. ही हकिगत वाचून कोणी घरातल्या खचलेल्या माणसाला "ऊठ, काम कर, बरे वाटेल" असे ढोसू नये. त्यात आणि उपचारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ढोसणारा सात एकर समोर टाकतो. ताईंनी एक पेंढी दिली. शिवाय प्रत्येक आजार असा नसतो. कोणाला भास होतात, आवाज ऐकू येतात. कोणी महिनाभर अति उत्साहात आणि मग एकदम खाली. कोणाचे दारूशिवाय चालत नाही. त्यांचे उपचार वेगळे, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. आणि चालू गोळी परस्पर बंद करायची नाही. दादांची गोळीही डॉक्टरांनीच पुढे टप्प्याटप्प्याने कमी केली.

नातेवाइकांनी करण्यासारखे ते थोडके आहे, पण मोलाचे आहे. ऐकून घ्यावे. दवाखान्यात सोबत जावे. मरणाचा विचार येतो का, हे घाबरल्याशिवाय सरळ विचारावे. विषारी औषधे कुलपात ठेवावीत. आणि जवळ कोणी नसले तर फोन आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा नंबर फुकट लागतो, रात्रंदिवस लागतो, आणि मराठीत बोलता येते. हा नंबर पंचांगाच्या पुठ्ठ्यावर, डेअरीच्या कार्डावर, जिथे नजर जाईल तिथे लिहून ठेवावा.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशात सव्वाशे वर्षांच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट नाही. सोयाबीन फुलात होते आणि ढग नुसते वरून जात होते. एका सकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तीन दिवस झाले, दाढी नाही." मी लगबगीने गेलो. दादा ओसरीवर बसले होते, डोळे तांबारलेले, रात्र जागून काढलेली दिसत होती. पण मांडीवर ती जुनी वही होती आणि ते स्वतःच्या हाताने नवे पान आखत होते. मला पाहून म्हणाले, "तालुक्याला जाऊ दुपारून, ताईंना भेटून येऊ. त्याआधी साडेसहाची पेंढी टाकली आहे. दोन गुण. उद्या बघू."